उशिरा शिकलेले अक्षर

मनीमाजरा हे चंदीगढच्या पूर्वेकडील जुने गाव. शहर आखले गेले ते स्वातंत्र्यानंतर. गाव मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होते. सरळ रस्ते आणि क्रमांकांनी ओळखले जाणारे विभाग संपतात, आणि एकाएकी अरुंद गल्ल्या, दाटीने बसलेली दुकाने आणि एका जुन्या किल्ल्याच्या भिंती दिसू लागतात. नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य सध्या येथे आहे. मराठी माणूस परमुलखात गेला म्हणजे त्याला एक खोड जडते. आपले लोक येथवर कधी आले होते, हे तो शोधू लागतो. मलाही ती जडली. शोध फार लांब न्यावा लागला नाही. येथून पन्नास किलोमीटरांच्या आसपास सरहिंद आहे. १७५८ च्या मार्च महिन्यात रघुनाथराव पेशव्यांच्या फौजेने ते घेतले आणि एप्रिलमध्ये मराठे लाहोरात शिरले. ज्या मोहिमेमुळे रघुनाथरावांना ‘राघोभरारी’ हे नाव मिळाले, ती हीच. मनीमाजऱ्याचा मुलूख त्या वेळी सरहिंदच्या अमलाखाली होता. पुढे १७६४ साली सरहिंद शिखांच्या हाती गेले आणि गरीबदास नावाच्या सरदाराने येथे आपले छोटेसे संस्थान थाटले. पण तोवर पानिपत होऊन गेले होते आणि मराठ्यांचा येथला संबंध जवळजवळ तुटला होता.

सरहिंदच्या रस्त्याने जाताना अभिमान वाटतो, हे खोटे कशाला सांगू? पण त्या अभिमानाच्या पाठोपाठ दुसरे एक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते आणि मग तो अभिमान पुरता टिकत नाही. हेच रघुनाथराव, सरहिंद घेतल्यानंतर पंधरा वर्षांनी, पुण्यात एका शास्त्र्यासमोर उभे आहेत. पुतण्याच्या खुनाचा ठपका त्यांच्यावर आहे, आणि तो शास्त्री त्यांना देहांत प्रायश्चित्त सांगतो आहे. हे चित्र माझ्या मनात ग्रंथांनी उमटवले नाही. ते उमटवले एका चित्रपटाने. १९४४ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने काढलेला ‘रामशास्त्री’ मी लहानपणी दूरदर्शनवर पाहिला. त्यानंतर पुष्कळ इतिहास वाचला, एम. ए. झालो, सरकारी नोकरीत आलो. पण रामशास्त्र्यांचे नाव निघाले की गजानन जागीरदारांचाच चेहरा समोर येतो. आज बोलायचे आहे ते या चित्रपटाविषयी, आणि त्यातही त्याच्या पूर्वार्धाविषयी. न्यायासनाचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. त्या आसनापर्यंत पोचणाऱ्या मुलाची गोष्ट मात्र आपण बहुधा विसरून जातो.

प्रथम चित्रपटाची कुळकथा. प्रभातची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि १९३३ साली कंपनी पुण्यास आली. १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले. ‘रामशास्त्री’ हा त्यानंतरच्या काळातला, कंपनीचे वैभव ओसरू लागले असतानाचा चित्रपट. मराठीत आणि हिंदीत तो निघाला. कथा शिवराम वाशीकरांची. दिग्दर्शक म्हणून त्याच्याशी तीन नावे निगडित आहेत : राजा नेने, विश्राम बेडेकर आणि गजानन जागीरदार. तीन सह्यांचा कागद बहुधा गोंधळाचा असतो, असा माझा कचेरीतला अनुभव आहे. या चित्रपटाच्या बाबतीत तो खोटा ठरला. अखेर प्रेक्षकांच्या लेखी तो जागीरदारांचाच झाला, कारण दिग्दर्शनाबरोबर रामशास्त्र्यांची भूमिकाही त्यांचीच होती. जागीरदारांचा जन्म १९०७ चा, अमरावतीचा. १९४१ च्या ‘शेजारी’ मध्ये त्यांनी रंगवलेला मिर्झा लोकांच्या ध्यानात होता. अत्र्यांच्या ‘पायाची दासी’ आणि ‘वसंतसेना’ या चित्रपटांचे दिग्दर्शनही त्यांनी केले होते. नटाने दिग्दर्शक व्हावे यात एक धोका असतो. तो स्वतःवरच प्रकाश पाडत बसतो. ‘रामशास्त्री’ मध्ये मात्र कथेचा आरंभ एका अशा मुलापासून होतो की ज्याची भूमिका जागीरदारांना करताच येणार नव्हती. अनंत मराठे हा छोटा राम झाला आहे आणि बेबी शकुंतला त्याची इवलीशी पत्नी जानकी. शांताराम आठवल्यांनी लिहिलेले आणि केशवराव भोळ्यांनी चाल लावलेले त्या मुलांचे गाणे अजून जुन्या पिढीच्या ओठांवर आहे. नायकाला पडद्यावर येण्यासाठी त्या पोरापाठीमागे थांबावे लागते. ही जागीरदारांची शिस्त मला मोठी वाटते.

आता इतिहास काय सांगतो ते पाहू. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. जन्म सुमारे १७२० चा. लहानपणी घर सोडून ते काशीस गेले, तेथे अनेक वर्षे त्यांनी अध्ययन केले आणि परत आल्यावर पेशव्यांच्या पदरी राहिले. १७५९ च्या सुमारास ते न्यायाधीश झाले. एवढा तपशील पक्का. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात या पुरुषाविषयी जो आदर दाखवला आहे, तो त्याने फारच थोड्यांना दाखवला. परंपरा मात्र याहून अधिक सांगते. ती सांगते की वयाच्या विशीपर्यंत रामाला अक्षरओळख नव्हती. साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे तो पडेल ते काम करी. एके दिवशी मालकाच्या पायांवर पाणी घालत असताना त्याची नजर मालकाच्या कानातल्या मोत्यांच्या भिकबाळीवर खिळली आणि पाण्याची धार भलतीकडेच गेली. मालक म्हणाला, असले अलंकार घालायचे तर विद्या तरी हवी किंवा तलवार तरी हवी. पाणक्याला ते कुठून मिळणार? राम तेथून उठला आणि काशीची वाट चालू लागला. तेथे त्याने बाळंभट पायगुंडे यांच्यापाशी अध्ययन केले, असेही परंपरा सांगते. मिताक्षरेवरची प्रसिद्ध टीका या बाळंभटांच्या नावाने ओळखली जाते. पुढे जो न्यायासनावर बसणार त्याला याहून योग्य गुरू कल्पनेने तरी कोठून शोधून काढावा?

भिकबाळीची गोष्ट खरी की खोटी, हे आज ठरवणे कठीण. पण तिच्यातली एक गोष्ट आख्यायिकेच्या पलीकडे जाते. विशीतला एक तरुण मुळाक्षरे गिरवायला बसतो. त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली पोरे आठ-दहा वर्षांची असणार. त्यांना जे सहज पाठ होते ते याला रात्र रात्र जागून घोकावे लागत असणार. लहानपणी शिकलेल्याला अक्षर हे श्वासासारखे असते. ते आपल्याला येते हेच तो विसरून जातो. उशिरा शिकलेल्याला तसे विसरता येत नाही. अक्षर नसताना जग कसे दिसत होते, हे त्याला जन्मभर आठवत राहते. चित्रपटाच्या पूर्वार्धाचे सारे बळ मला या एका गोष्टीत दिसते.

येथे थोडे विषयांतर करतो. मध्यंतरी एक स्पॅनिश चित्रपट पाहण्यात आला. अंतोनिओ बांदेरास हा नट जगभर ठाऊक आहे; २००६ साली त्याने आपल्या मालागा या जन्मगावी घडणारा ‘एल कामिनो दे लोस इंग्लेसेस’, म्हणजे ‘इंग्रजांची वाट’, हा चित्रपट दिग्दर्शित केला. मूळ कादंबरी त्याच गावच्या अंतोनिओ सोलेर याची. काळ १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरचा, एका उन्हाळ्याचा. मिगेलितो नावाच्या तरुणाचे एक मूत्रपिंड शस्त्रक्रियेने काढून टाकावे लागते, आणि त्या आजारपणात दान्तेचे महाकाव्य त्याच्या हाती पडते. त्यानंतर त्याला दुसरे काही सुचत नाही; आपण कवी व्हायचे, एवढेच तो धरून बसतो. तिकडच्या समीक्षेत मुलगा जाणता होण्याच्या कथांचा एक वेगळा वर्गच मानला जातो. अशा कथांत मुलाला जाग येते ती बहुधा प्रेमाने किंवा मृत्यूच्या दर्शनाने. या चित्रपटात ती दोन्ही आहेत, पण मुलगा खरा हलतो तो पुस्तकाने. तो पाहताना मला सारखा माहुलीचा राम आठवत होता. काळ, देश, धर्म, काहीच जुळत नाही. तरी दोन नटांना दिग्दर्शक झाल्यावर अक्षराने झपाटलेल्या पोराचीच कथा सांगावीशी वाटली, हे जुळते. एक फरक मात्र मोठा आहे. मिगेलितोची विद्या त्याच्या स्वतःच्या आयुष्यापुरती राहते. रामाच्या विद्येची कसोटी एका राज्याच्या दरबारात लागायची होती.

त्या दरबाराकडे वळू. पेशवाईच्या या काळाचे एक लक्षण पुरेसे ध्यानात घेतले जात नाही : गादीवर सारी मुले होती. माधवराव १७६१ साली पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊर येथे ते वारले, तेव्हा अवघे सत्तावीस. नारायणराव गादीवर आले सतरा वर्षांचे आणि मारले गेले अठराव्या वर्षी. सवाई माधवराव तर बापाच्या मृत्यूनंतर जन्मले. अशा राज्यात पोक्त माणसाने पोरांना जाणते करावे लागते, आणि माधवरावांच्या बाबतीत ते काम काही अंशी रामशास्त्र्यांनी केले. ग्रँट डफने सांगितलेली हकीगत प्रसिद्धच आहे. तरुण पेशवा जपतपात मग्न होऊन राज्याच्या कामाकडे दुर्लक्ष करतो, असे पाहिल्यावर शास्त्र्यांनी काशीस जाण्याची परवानगी मागितली. कारण विचारले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले, की ब्राह्मणाचा आचारच पाळायचा असेल तर गादी सोडावी आणि आपण दोघांनी गंगेकाठी जाऊन बसावे. राज्य करायचे असेल तर रयतेचे काम हेच अनुष्ठान मानावे. माधवरावांनी ऐकले. ऐकण्याची ती पात्रता त्या मुलात होती, हेही विसरता कामा नये.

शास्त्र्यांच्या घरात दुसऱ्या दिवसापुरतेही धान्य साठवायचे नाही, असा नियम होता म्हणतात. त्यांच्या पत्नीची गोष्टही घरोघर सांगितली जाते. वाड्यात हळदीकुंकवास गेलेल्या या बाईंना पेशव्यांच्या पत्नीने अंगभर दागिने घालून पालखीतून परत पाठवले, तर शास्त्री दारातून म्हणाले, भोयांनो, घर चुकलात. या बाई आमच्या घरच्या नव्हेत. भिकबाळीच्या आख्यायिकेशेजारी ही आख्यायिका ठेवून पाहावी. ज्या अलंकारापायी पोर घर सोडून गेले, तोच अलंकार आपल्या दारी चालत आला असता म्हातारा त्याला ओळख देत नाही. लोकांनी या दोन गोष्टी एकाच माणसाला चिकटवल्या, त्यात लोकांची समज दिसते.

मग आले १७७३ चे साल. ३० ऑगस्ट रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांचा खून केला. रघुनाथराव पेशवे झाले. चौकशीचे काम रामशास्त्र्यांकडे होते, आणि ती त्यांनी गुपचूप पण नेटाने केली. या कटात सुमारे पन्नास माणसांचा हात होता असा त्यांचा निष्कर्ष निघाल्याचे रियासतकार सरदेसाई नमूद करतात. या साऱ्यांच्या शिरोभागी नवा पेशवाच होता. ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची कथा याच वेळची. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या कागदात नारायणरावांना ‘धरावे’ असा मजकूर होता. कोणी तरी एक अक्षर फिरवून तो ‘मारावे’ असा केला. संशय आनंदीबाईंवर गेला आणि लोकांच्या तोंडी तो कायम राहिला. ग्रँट डफही ही कथा देतो. अभ्यासक आज तिच्याकडे सावधपणे पाहतात, आणि ते योग्यच आहे. एका स्त्रीच्या माथी सारे पाप मारले की बाकीचे पुरुष सुटतात, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे.

पण क्षणभर ही कथा खरी धरून चालू या, कारण चित्रपटात तिला फार मोठे स्थान आहे. एक कागद आहे. त्यातल्या एका अक्षरावर एका मुलाचा जीव गेला आहे. आणि तो कागद ज्याच्यासमोर आला आहे, तो माणूस विशीपर्यंत ‘ध’ आणि ‘मा’ यांतला भेद जाणत नव्हता. चित्रपटकारांनी ही गाठ मुद्दाम मारली की ती आपोआप बसली, मला सांगता येणार नाही. पण पूर्वार्ध पाहिलेल्या प्रेक्षकाला उत्तरार्धात रामशास्त्र्यांचा करारीपणा निराळाच वाटतो. तो केवळ शूर माणसाचा करारीपणा नव्हे. अक्षरासाठी ज्याने आपली सारी तरुणाई वेचली, त्याला कोणी अक्षराशी खेळलेले खपत नाही.

प्रायश्चित्ताचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. शास्त्री न्यायाधीश होते, परंतु पेशव्याला फासावर देणारा हुकूम बजावील असा कोणी शिपाई त्यांच्या हाताखाली नव्हता. शिक्षा देणे राजाचे काम, आणि येथे राजाच गुन्हेगार. तेव्हा धर्मशास्त्राच्या आधाराने पापाला प्रायश्चित्त कोणते, हे सांगणे एवढेच त्यांच्या अधिकारात उरले होते. ते त्यांनी सांगितले : प्राणत्याग. हे सांगून ते थांबले असते तर तो एक पांडित्याचा अभिप्राय ठरला असता. त्यापुढे ते म्हणाले की जोवर आपण गादीवर आहात तोवर मी चाकरी करणार नाही आणि पुण्यात पाऊल ठेवणार नाही. आणि ते वाईजवळच्या पांडववाडीस निघून गेले. ज्या निकालाची अंमलबजावणी दुसरा कोणी करू शकत नव्हता, त्याचा जेवढा भाग आपल्या स्वतःच्या हाती होता तेवढा त्यांनी अमलात आणला. १९४४ साली, चले जाव आंदोलनातील अनेक माणसे अद्याप तुरुंगात असताना, थिएटरच्या अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला या प्रसंगाचा कोणता अर्थ लागला असेल, हे निराळे सांगायला नको.

मी सरकारी नोकर आहे, म्हणून या प्रसंगाकडे मला केवळ इतिहास म्हणून पाहता येत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या ठिकाणी होतो. जमिनीच्या एका जुन्या फेरफार नोंदीचे प्रकरण माझ्यापुढे आले. एका म्हाताऱ्या विधवा बाईचे म्हणणे असे की, आपण त्या वेळी हरकत घेतली होती. नोंदवहीत मात्र ‘हरकत नाही’ असे होते. मी पान खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिले. ‘नाही’ या शब्दाखालचा कागद खरवडलेला होता आणि त्या दोन अक्षरांची शाई बाकीच्या ओळीहून काळी होती. पूर्वी तेथे ‘आहे’ असावे. मी वरिष्ठांना ते दाखवले. मुदत केव्हाच उलटली आहे, नोंद प्रमाणित आहे, जुनी प्रकरणे उकरून काढू नयेत, असे मला समजावण्यात आले. समजावण्यात कोठे धमकी नव्हती. उलट पुष्कळ आपुलकी होती. मी अर्ज निकाली काढला आणि सही केली. बाई निकाल ऐकायला आली होती. तिला वाचता येत नव्हते. “काय लिहिलंय साहेब त्यात?” तिने विचारले. मी तिला मुदतीचा नियम सांगितला. खरवडलेल्या अक्षरांविषयी बोललो नाही.

हे मी कोणावर दोष ढकलण्यासाठी सांगत नाही. सही माझी होती. पण त्यानंतर काही वर्षांनी ‘रामशास्त्री’ पुन्हा पाहिला, तेव्हा दरबाराचा प्रसंग मला पूर्वीसारखा पाहवला नाही. लहानपणी मी मनाने शास्त्र्यांच्या बाजूस उभा होतो. या वेळी दरबारात इतर जी माणसे होती, ज्यांना सारे ठाऊक होते आणि जी मान खाली घालून उभी होती, त्यांच्यातच माझी जागा मला दिसू लागली. त्या माणसांची नावे इतिहासाने फारशी ठेवली नाहीत. तीही अक्षरे जाणणारी होती, बहुधा लहानपणीच शिकलेली.

पुढची हकीगत थोडक्यात सांगता येईल. रघुनाथराव मोहिमेवर गेले असता नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर मुत्सद्दी यांनी बारभाईंचे कारस्थान उभे केले. १७७४ च्या एप्रिलमध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि रघुनाथरावांची गादी गेली. रामशास्त्री पुन्हा पुण्यास आले, पुन्हा न्यायाचे काम पाहू लागले आणि १७८९ च्या ऑक्टोबरात वारले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. सरहिंद जिंकणाऱ्या माणसाचा शेवट १७८३ साली कोपरगावी झाला.

प्रभातचे दिवसही पुढे सरले. कंपनी बंद पडली. १९६० साली तिच्याच पुण्याच्या आवारात सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली आणि तिच्या पहिल्या संचालकपदाचा मान जागीरदारांना मिळाला. ज्या जागेत त्यांनी शास्त्र्यांची पगडी घातली होती, तेथेच ते विशी-बाविशीच्या मुलांना चित्रपटाची मुळाक्षरे शिकवण्याच्या कामाला लागले. त्या मुलांपैकी काहींनी पूर्वी कॅमेरा जवळून पाहिलाही नसेल. १९८८ साली जागीरदार गेले.

गेल्या महिन्यात सरहिंदवरून मनीमाजऱ्यास परतत होतो. गाडीत शेजारी बसलेल्या एका पंजाबी सहकाऱ्याने विचारले, तुमचे मराठे येथे आले होते ना? मी म्हणालो, आले होते. सेनापती कोण, असे त्याने विचारले. मी रघुनाथरावांचे नाव सांगितले, आणि मग त्यांचे पुढे काय झाले हे सांगता सांगता माझ्या तोंडी रामशास्त्र्यांचे नाव आले. सहकारी ऐकत होता. शास्त्री परत येईपर्यंत त्यांच्या जागी न्यायाचे काम कोणी केले, असे त्याने विचारले. मला त्याचे उत्तर देता आले नाही.